आखाजीचं पान

जेलची गाडी गावात शिरली तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मारुतीचा पार रिकामा होता. एरवी त्या वेळी तिथे दहा-बारा टाळकी तंबाखू मळत बसलेली असतात. आज चिटपाखरू नाही. मी मागचं दार उघडलं, बाराही बंद्यांना खाली उतरवलं आणि जोडीनं बसवलं. आमच्याकडे गिनती जोडीनं होते. दोघं-दोघं उकिडवे बसतात आणि शिपाई बोट दाखवत पुढे सरकतो. सहा जोड्या, बारा माणसं. मी मोजत होतो तेवढ्यात समोरच्या घराची कडी आतून लागली. मग शेजारच्या घराची.

"हिलालभाऊ, तुमच्या गावात मान मोठा आहे आपल्याला," पंडितनाना म्हणाले. पंडितनाना माझ्याबरोबरचे दुसरे शिपाई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांना कशाचंच काही वाटत नाही.

मला वाटत होतं. एरंडोलच्या पुढे, जेलपासून पाऊण तासावर असलेलं हे माझंच गाव. गावाचा पाझर तलाव वेड्या बाभळीनं गच्च भरलेला, काट्याला मजूर हात लावेना, म्हणून पंचायतीनं अर्ज केला आणि सरकारनं आमच्या खुल्या जेलचे बंदी पाठवले. साहेब म्हणाले, हिलाल, तू तिथलाच, तूच जा. नाही कसं म्हणणार? पण खाकी घालून एसटीतून उतरणं वेगळं आणि बारा जन्मठेपवाले पुढे घालून आपल्याच गल्लीतून जाणं वेगळं. गावाला मी आजवर पोलीस वाटत होतो. त्या दिवशी कळलं त्यांना, हा गुराखी आहे.

खुल्या जेलात शिक्षा संपत आलेले, नीट वागणारे बंदी ठेवतात. भिंत कमरेएवढी, आमच्या हातात नुसती काठी. सगळा कारभार विश्वासावर, असं साहेब भाषणात सांगतात. आठ वर्षांपूर्वी मीही एकावर विश्वास ठेवला होता. पोटात दुखतंय म्हणून तो नाल्यात गेला, तो अजून नाल्यातच बसलेला आहे. मी चार महिने निलंबित होतो. पुन्हा असं झालं तर कायमचा घरी बस, असं मला लेखी मिळालेलं आहे. तेव्हापासून मी कुणाच्या पोटदुखीवर विश्वास ठेवत नाही, घरच्यांच्यासुद्धा.

बारांत वना नावाचा एक होता. पन्नाशीचा, रुंद खांद्याचा, चोपड्याकडचा. बांधाच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात पहार घातलेली. चौदा वर्षं झाली होती, सुटकेची फाईल मुंबईला गेली होती, दसऱ्यापर्यंत सुटेल असं ऑफिसात बोलत. असला माणूस पळत नाही, हे पंडितनानांचं म्हणणं. माझं म्हणणं उलटं. बडबड्या माणसाचं मन तोंडावाटे मोकळं होतं. गप्प माणसाच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं, आणि वना दिवसभरात चार शब्द बोलायचा.

ते चारही त्यानं पहिल्याच दिवशी एका प्रश्नात वापरले. बंदी शिपायाला बाबा म्हणतात.

"बाबा, चोपडं कोणीकडे शे?"

"कशाला?"

"आसंच."

असंच कोणी दिशा विचारतं का? मी उत्तर दिलं नाही. पण दुपारी त्यानं तलावाच्या पाळीवर उभं राहून सूर्य बघितला आणि आपलं आपणच ठरवलं. बरोबर ठरवलं. तिकडे तोंड करून तो पाणी प्यायला, आणि पिण्याआधी एक ओंजळ जमिनीवर टाकली. मी त्याची जोडी बदलली, त्याला माझ्या डोळ्यासमोरच्या पट्ट्यात आणलं.

बाभूळ तोडणं सोपं काम नाही. आधी कोयत्यानं अंगावर येणाऱ्या फांद्या छाटायच्या, मग बुंध्याशी कुऱ्हाड, मग टिकावानं मूळ खणायचं, नाहीतर पावसात पुन्हा फुटते. काटा बोटभर लांब, चपलेतून आरपार जातो. चैत्र सरतानाचं ऊन, दहा वाजता टिकावाचं लोखंड हाताला चटके द्यायचं. बंद्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर घामाचं मीठ वाळून पापुद्रे धरायचे. गावातलं कोणी पाळीवर फिरकत नव्हतं. शेळ्यासुद्धा दुसऱ्या बाजूनं न्यायचे.

आली ती एकटी माझी आई. दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्यावर माठ, हातात गूळ, अनवाणी.

"आई, बाहेरचं काही द्यायचं नाही. नियम आहे."

"पानी देवाले बी कागद लागस का रे?" तिनं माठ उतरवला आणि मला ओलांडून पुढे गेली.

संध्याकाळी गाडी बंद्यांना घेऊन परतली आणि मी घरी गेलो, तेव्हा बायकोनं तोंड सोडलं. दिपमाला माहेरची सावद्याची, केळीवाल्यांची लेक, तिला असल्या गोष्टींची सवय नाही. "आत्याबाई खुनी लोकांच्या ओंजळीत पाणी ओततात. उद्या घरात आणतील. मी दाराला कुलूप लावून ठेवते, तुम्ही हसू नका." मी हसत नव्हतो. मी तिला म्हटलं, दोन कुलपं लाव.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हत्यारं मोजताना एक कोयता कमी भरला. मी कुणाला विचारलंच नाही. सरळ वनाला बाजूला घेतलं, सदरा काढायला लावला, चड्डीचा नाडा सोडायला लावला, पायजम्याची घडीन् घडी झटकली. पाळीवर आई माठ न्यायला आली होती. तिनं पदर तोंडावर ओढला आणि पाठ फिरवली. वना उघडा उभा राहिला, काट्यांनी ओरबाडलेल्या छातीवर हात बांधून. तेवढ्यात पंडितनानांनी हाक मारली. कोयता एका बुंध्यात रुतलेला तसाच राहिला होता, भलत्याच बंद्याचा. वनानं कपडे घातले आणि जोडीत जाऊन बसला. संशय खोटा निघाला म्हणून शिपायानं माफी मागायची म्हटली तर दिवस पुरायचा नाही.

आई मात्र घरी बोलली. "त्यानी माय मरी गयी पौषमा. रजाना कागद तेरावा व्हयी गया तवय उना. ती तिकडे शे म्हनीसन तो तिकडे पानी टाकस. तुले विचारता येत नव्हतं का?"

"तुला सांगितलं त्यानं?"

"मी इचारं, त्यानी सांगं."

मला ते पटलं नाही. आईवेडी माणसं तर आधी पळतात, हे मी मनात म्हटलं.

चौथ्या दिवशी आम्ही पुनाच्या कांद्यापर्यंत पोहोचलो. पुना आमचा समोरचा, आबांचा दोस्त. आबा म्हणजे माझे वडील, अकरा वर्षांपूर्वी गेले. या पुनानं तलावाच्या पोटात, सरकारी जागेत, दीड बिघा कांदा लावला होता आणि कुणाला दिसू नये म्हणून भोवतीची बाभूळ मुद्दाम वाढू दिली होती. बंद्यांनी ती कापली आणि कांदा रस्त्यावरून दिसायला लागला. पंचायतीला बघावंच लागलं. पुना पाळीवर आला, तो थेट माझ्या अंगावर.

"चोर आणीसन माना कांदा उघडा पाडा तू. बरं करं. आवंदा तुना बापना पानवर मी काय बसनार नही. गावमा दुसरा कोनी बसस का, दख."

हे ऐकून मी खरा हादरलो. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात आणि बाहेरच्या एका बाप्याला पितर म्हणून जेवायला बसवतात. तो पानावर बसला की तो तो राहत नाही, ज्याची घागर त्याचा होतो. आमच्या घरची रीत अशी की जेवण होऊन हात धुवेपर्यंत त्यानं बोलायचं नाही आणि कुणी नावानं हाक मारली तर त्यानं काय, घरातल्या कुणीच ओ द्यायची नाही. अकरा वर्षं पुना आबांच्या नावानं बसत होता. आई त्याला आमरस वाढायची आणि हळूच सांगायची, सूनबाई बरी शे, गाय व्याली. वर्षातून एकदा ती नवऱ्याशी बोलायची म्हणा ना.

पुढचे दोन दिवस आई दारोदार फिरली. कुणाच्या पोटात दुखत होतं, कुणाचे व्याही येणार होते. ज्या घरचा पोरगा खुनी लोक गावात आणतो त्या घरचं पान नको, हे तोंडावर कुणी म्हटलं नाही एवढंच. ती घरी आली की ओट्यावर पाय चोळत बसायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

आखाजीला आम्हाला सुट्टी नव्हती. दुसऱ्या दिवशी गाळ काढायला मशीन येणार होतं, त्याआधी बुंधे निघायला हवे होते. साडेअकराला आई पाळीवर आली. नवं लुगडं, बोटांना हळद, डोळे धुरानं लाल.

"हिलाल, पान वाढेल शे. वनाले लई जाऊ का?"

"डोकं फिरलं का तुझं?"

"कोनी येत नही. दुपार व्हयी गयी तं तुना बाप दारवर उभा राहीसन परत जाई." तिनं माझ्या काठीकडे बघितलं. "मी तुले कवय काही मांगं का?"

नव्हतं मागितलं. मी निलंबित होतो तेव्हा स्वतःच्या हातातल्या पाटल्याही तिनं न बोलता काढून दिल्या होत्या. मला लाज वाटली आणि लाजेचा मला राग येतो. मी इकडे-तिकडे बघितलं. पंडितनाना पलीकडच्या टोकाला होते, पण ऐकत होते.

"ने," मी म्हणालो. "अर्ध्या तासात परत. आणि मागचं दार लावून घे."

मी वनाला बोलावलं. त्यानं कुऱ्हाड जमिनीवर ठेवली, हात पुसले. आईनं त्याला काय करायचं ते सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "बाबा, जाऊ?" मी मान हलवली. दोघं पाळीवरून उतरले, ती पुढे, तो मागे खाली मान घालून.

पहिली पंधरा मिनिटं मी ठीक होतो. मग ऊन डोक्यात चढलं. अकरा माणसं समोर होती आणि एकाची जोडी नव्हती. मी पुन्हा मोजलं. दिपमाला आखाजीला दुपारी देवळात जाते, म्हणजे घरात एकटी म्हातारी. मागच्या दारातून बाहेर पडलं की पडीत रान, रानापलीकडे हायवे, आणि आखाजीला एसट्या माहेरवाशिणींनी भरलेल्या, कोण कुणाला बघतो. माय मेली म्हणे. कागद कोणी बघितलाय? आसंच म्हणाला होता तो, आसंच. अर्धा तास झाला. पस्तीस मिनिटं झाली.

"जेवतोय तो," पंडितनाना म्हणाले. "पुरणाच्या मांड्यांचं जेवण आहे, हिलालभाऊ. अर्ध्या तासात होतं का?"

मी ऐकलं नाही. काठी घेऊन निघालो, शेवटी पळतच सुटलो. अंगणात पोहोचलो तर पुढचं दार उघडं आणि त्यातून सरळ मागचं दार दिसत होतं, सताड उघडं, पलीकडे पांढरं पडलेलं रान. मी हाक मारली. "वना!" ओ नाही. पुन्हा मारली, जेलात मारतो तशी, बापाचं नाव लावून. तिसऱ्यांदा मारली तेव्हा माझा आवाज फाटला होता. समोरच्या खिडकीत पुना उभा राहून बघत होता.

मी फोन लावला. "साहेब, एक बंदी पळाला." वेळ सांगितली, नाव सांगितलं, नंबर सांगितला. साहेबांनी तिथल्या तिथे नोंद करायला सांगितली, ते मला फोनमधून ऐकू आलं. मग मी शिट्टी फुंकत घरात शिरलो.

भिंतीच्या आडोशाला, घागरीसमोर, पाटावर वना बसला होता. पितरांसाठी निखाऱ्यांवर टाकलेल्या आगारीचा धूर जायला आईनं मागचं दार उघडलं होतं. घागरीवर खरबूज, पानात रस, कुरडई, मांडा अर्धा मोडलेला. त्याचा घास हातात तसाच थांबलेला होता. त्यानं तिन्ही हाका ऐकल्या होत्या. मान खाली, ओठ घट्ट, डोळ्यांतून पाणी चाललेलं. आई समोर बसून त्याला वारा घालत होती. तिनं मला हातानं थांब म्हटलं.

मी थांबलो नाही. कॉलर धरली आणि ओढून उठवलं. पाट उलटला, रस सांडला. तेवढं झाल्यावर मला आठवलं की पानावरचा माणूस ओ देत नसतो. बेचाळीस वर्षं मी त्या घरातला आणि मला ते तेव्हा आठवलं. बारा वर्षं नोकरीत मी एवढंच शिकलोय, की हाकेला ओ न देणारा माणूस पळालेला असतो.

साहेबांना पुन्हा फोन केला. सापडला म्हणून सांगितलं. पण नोंद झालेली होती, वरही कळवलं गेलं होतं. पाऊण तासानं जेलरसाहेब स्वतः गाडी घेऊन आले. तोवर आमच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. आठ दिवस दारं लावून बसलेली माणसं आता मुलं कडेवर घेऊन बघत होती.

"इथे कसा आला हा?" साहेबांनी विचारलं. "कोणी सोडला?"

आई दारात उभी होती. माझ्या डोळ्यासमोर तो लेखी कागद होता, कायमचा घरी बस. दोन पोरं शिकतायत.

"नजर चुकवून आला साहेब," मी म्हणालो. "जेवणाच्या वासानं."

साहेब वनाकडे वळले. "खरं आहे?"

वनाची कॉलर फाटली होती, हाताला अजून रस होता. आता त्याला बोलायला हरकत नव्हती. तो माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"हो साहेब," तो म्हणाला. "मीच आलो."

त्याला बेड्या घातल्या. चौदा वर्षं नीट काढल्यावर त्या हातांना बेडी लागायची वेळ संपली होती. बाकीच्या अकरांनाही घेऊन गाडी गेली, गाव पांगलं. पंडितनाना माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "माझ्या तोंडाला कुलूप आहे. बुधवारी चौकशी लागेल. पळून जायचा प्रयत्न ठरला तर त्याची शिक्षेतली सगळी माफी कापतील, बंद जेलात परत धाडतील. आणखी पाच-सहा वर्षं तरी." मी म्हटलं, मला माहीत आहे.

घरात आई जमीन पुसत होती. सांडलेलं अन्न तिनं परातीत गोळा केलं होतं. मी म्हटलं, आई, माझी नोकरी गेली असती. ती पुसतच राहिली. मग हात थांबवून म्हणाली,

"अकरा वरीसमा पहिल्यांदा तो पोटभर जेवी राहिंता. तू तुना बापले कॉलर धरीसन पानवरथीन उठाडं, हिलाल."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. दिपमाला भाकरी वाढायची. आई पाठ करून झोपायची.

बुधवारी मुलाखतीचा दिवस असतो. चौकशी दुपारी तीनला, तोवर मला फाटकाच्या खिडकीवर बसवलं होतं, भेटायला येणाऱ्यांच्या चिठ्ठ्या लिहायला. वना आत एका खोलीत बंद होता. त्यानं जबाब बदलला नव्हता. सकाळी त्याला चहा नेला तेव्हा मी दारापाशी उभा राहिलो. मग कप ठेवून परत आलो.

दहाच्या सुमारास रांगेत मला आई दिसली. नवं लुगडं नेसून, एकटी, दोन एसट्या बदलून आलेली. ती पुढे घुसली नाही. बायकांच्या मागे उन्हात उभी राहिली, रांग जशी सरकत होती तशी सरकत खिडकीशी आली. माझ्याकडे बघितलं तेही अनोळखी माणसाकडे बघतात तसं.

"नाव?" मी विचारलं.

"तानुबाई प्रेमराज पाटील."

"कोणाला भेटायचं?"

"मोठा साहेबले."

"काय काम?"

"माना आंडोर खोटं सांगेल शे. खरं काय ते साहेबले सांगनं शे."

आंडोर म्हणजे मुलगा; मागच्या बाईनं मान पुढे काढली. मी आवाज खाली आणला. "आई, घरी जा. तुझ्या पाया पडतो. माझी नोकरी जाईल. काय खायचं आपण?"

"जे खासूत ते बठ्ठा संगे बशीसन खासूत," ती म्हणाली, आणि खिडकीच्या गजाला धरलं. "लिखा साहेब. मांगे लोक उभा शेतस."

ती मला साहेब म्हणाली. मला हातातला पेन फेकून द्यावासा वाटला, ओरडावंसं वाटलं, आणि तिच्या कुशीत तोंड घालावंसंही वाटलं. मी चिठ्ठी पुढे ओढली. नाव लिहिलं, गाव लिहिलं. कामाच्या रकान्यात लिहिलं, बंदी वना यास आखाजीच्या दिवशी जेवणासाठी घरी नेण्याची परवानगी ड्यूटीवरील शिपाई हिलाल प्रेमराज पाटील यानेच दिली होती, ते सांगणे. अक्षर नीट काढलं. गजातून तिचा अंगठा घेतला, शाई लावली, कागदावर टेकवला. चार दिवसांत तिनं मला पहिल्यांदा हात लावू दिला.

मग मी उठलो, टोपी नीट केली आणि आत बसलेल्या पंडितनानांना हाक मारली.

"नाना, खिडकीवर बसा."

"चहाला चाललात? किती वेळ लागेल?"

"आता तुम्हीच बसा," मी म्हणालो, आणि चिठ्ठी घेऊन साहेबांच्या खोलीकडे गेलो.